गाडी आत्ता घ्यायची की युरोपच्या डीलची वाट बघायची? (इम्पोर्ट ड्युटीतले जाणकार सांगा)

चोपडा_चौफुली
मंडळी, प्रश्न साधाच आहे पण घरात त्यावरून रोज संध्याकाळी चहाबरोबर वाद चालू आहे म्हणून इथं टाकतोय. बजेट बारा-तेरा लाख, चार मीटरच्या आतली एसयूव्ही, पेट्रोल. कामापुरतं चोपडा-जळगाव येणं-जाणं आणि अधूनमधून सगळ्यांना घेऊन वणीला. कोटेशन हातात आहे. आता आमचे शालकबुवा म्हणतात भाऊजी थांबा, युरोपशी करार झालाय, ११० टक्के ड्युटी १० वर येणार, बघा सगळ्या गाड्या कशा पडतात. आमचे आबा म्हणतात गाडी बनते पुण्या-नाशकात, तिला कसली आली इम्पोर्ट ड्युटी, आणि बातम्या बघणं बंद करा. दोघांचंही अर्धं पटतं. थांबू की घेऊ?

शिरपूर_ढाबा
आपली गाडी कोठे युरोपनी शे भो, मंग कसाले थांबनं. घी ले.

भुसावळ_जंक्शन
मी न्हावाशेवाला कस्टम क्लिअरिंगच्या धंद्यात आहे, गाव भुसावळ. शालकबुवांनी आकडा बरोबर ऐकलाय पण अर्धाच. २७ जानेवारी २०२६ ला युरोपियन युनियनबरोबरची बोलणी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. गाड्यांवरची ड्युटी टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरणार, पण वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या कोट्यातच. कोट्याच्या बाहेरच्या गाडीला तो दर नाही. आणि जाहीर झालं म्हणजे उद्यापासून लागू असं नसतं, तिकडच्या पार्लमेंटची मंजुरी वगैरे सगळं व्हायचंय. शिवाय तिकडून बारा लाखाची गाडी जहाजात घालून कोण पाठवणार, येणार त्या महागड्या.

आता ड्युटी लागते कशी ते सांगतो, कारण लोकांना वाटतं ११० टक्के म्हणजे गाडी दुप्पट, संपलं. तसं नाही. गाडीचा भाव, विमा आणि जहाजभाडं मिळून बंदरात पोचेपर्यंतची जी किंमत होते तिच्यावर ड्युटी. समजा ती ५० लाख. त्यावर ११० टक्के म्हणजे ५५ लाख, झाले १ कोटी ५ लाख. आता जीएसटी मूळ ५० लाखावर नाही तर ह्या १ कोटी ५ लाखावर, मोठ्या पेट्रोल गाडीला ४० टक्के, म्हणजे आणखी ४२ लाख. एकूण १ कोटी ४७ लाख, आणि अजून डीलरचं मार्जिन नाही, आरटीओ नाही, इन्शुरन्स नाही. टॅक्सवर टॅक्स असा चढतो.

शिरपूर_ढाबा
म्हणजे गाडी ५० ची आन सरकारचे ९७. एवढ्यात आमच्याकडं एक ढाबा, एक पेट्रोल पंप अन् वर म्हशी येतील.

खान्देशी_पुणेकर
@भुसावळ_जंक्शन दादा, पण २०२५ च्या बजेटला तर मोठ्या गाड्यांवरची ड्युटी १०० वरून ७० केली होती ना? आमच्या ऑफिसात तेव्हा दोघा-तिघांनी लगेच बुकिंगचे फोन केले होते.

भुसावळ_जंक्शन
केली ना, आणि त्याच बजेटमध्ये ४० टक्के कृषी सेस बसवला. आधी १०० टक्के ड्युटी आणि तिच्यावर १० टक्के अधिभार, मिळून ११०. नंतर ७० अधिक ४०, मिळून ११०. पेपरात हेडलाइन "ड्युटी घटवली", आमच्या बिल ऑफ एन्ट्रीवर (बंदरातून माल सोडवायच्या कस्टमच्या कागदावर) रक्कम तीच. हे ४० हजार डॉलरच्या वरच्या गाड्यांचं झालं. त्याच्या खालच्या गाड्यांवर २०२३ च्या बजेटमध्ये उलट ६० ची ७० केली होती.

खान्देशी_पुणेकर
अच्छा, म्हणून कंपन्या इथं जुळवतात. सुटे भाग आणून इथं गाडी उभी केली की ड्युटी १५ टक्के, इंजिन-गिअरबॉक्स आधीच जुळवून आणलं तर ३५. रेंज रोव्हर २०२४ मध्ये पुण्यात असेंबल व्हायला लागली तेव्हा किंमत साधारण १८ ते २२ टक्क्यांनी खाली आली. मालक टाटा, गाडी इंग्लंडची, आणि तरी तोवर आपण अख्खी आणत होतो. ह्यावरूनच स्कोडा-फोक्सवॅगनला १.४ अब्ज डॉलरची नोटीस आहे. सरकारचं म्हणणं तुम्ही जवळजवळ अख्ख्या गाडीचे भाग वेगवेगळ्या खेपांमध्ये आणून कमी ड्युटी भरली, कंपनीने आरोप नाकारलाय आणि मुंबई हायकोर्टात गेलीय. कारखाना कुठं, तर आपल्या संभाजीनगरच्या शेंद्र्याला. म्हणजे लांबची गोष्ट नाही ही.

भुसावळ_जंक्शन
"सुटे भाग की गाडी" ह्या भांडणावर आमच्या धंद्यातली निम्मी माणसं जगतात, तेव्हा मी काही बोलत नाही 😄 पण अमेरिकेतला किस्सा सांगतो. १९६४ पासून तिथं बाहेरच्या पिकअप आणि मालवाहू व्हॅनवर २५ टक्के ड्युटी आहे. भांडण झालं होतं कोंबडीवरून, युरोपने अमेरिकन कोंबडीवर कर लावला म्हणून अमेरिकेने ट्रकवर लावला, कोंबडीचं भांडण लोक विसरले पण ट्रकवरची ड्युटी अजून चालू आहे. प्रवासी व्हॅनवर मात्र अडीच टक्के होती. तर फोर्डने तुर्कस्तानातून व्हॅन आणताना मागे सीटा आणि खिडक्या लावून आणल्या, प्रवासी म्हणून अडीच टक्के भरले, आणि बंदरातून बाहेर काढल्यावर मागच्या सीटा उपसून टाकल्या, झाली मालवाहू. शेवटी २०२४ मध्ये ३६ कोटी ५० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. चांगल्या नव्या सीटा बसवायच्या फेकायलाच.

शिरपूर_ढाबा
म्हणजे जुगाड आपलाच नाही.

चोपडा_चौफुली
माहिती भारी आहे सगळी, पण माझं काय? माझी गाडी तर पूर्ण इथलीच. आबा जिंकले म्हणायचं का?

नाशिककर_मूळ_पारोळा
थांबा, आबा पूर्ण जिंकले नाहीत. मी सातपूरला एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. गाडी इथं बनते म्हणजे तिच्यातलं सगळं इथलं असतं असं नाही दादा. चिप बाहेरच्या, सेन्सर बाहेरचे, मोटारीतलं मॅग्नेट चीनचं, काही स्पेशल ग्रेडचा पत्रा बाहेरचा. जे इथं बनतं त्याच्या भावावरपण ड्युटीचा हात असतो. पोलादाचंच घ्या, एप्रिल २०२५ मध्ये सरकारने बाहेरून येणाऱ्या फ्लॅट स्टीलवर १२ टक्के सेफगार्ड ड्युटी लावली, चीनचा स्वस्त माल येत होता म्हणून. आता आम्ही काही चीनचा पत्रा घेत नव्हतो, आमचा कॉइल इथल्याच मिलचा. पण बाहेरचा महाग झाला की इथली मिल कशाला मागे राहते, तिचा भाव आपोआप वर सरकतो, पर्चेसवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. दरवाजा, बॉनेट, चासी सगळा पत्राच आहे ना तुमच्या गाडीत. शोरूमच्या बिलावर "सेफगार्ड ड्युटी" अशी ओळ कुठंच नसते एवढंच.

नंदुरबारची_मॅडम
नाशिककर दादांनी मुद्द्याला हात घातला. मी कॉलेजला अर्थशास्त्र शिकवते, मुलांना पहिल्यांदा हेच पटत नाही की जो माल देशात आलाच नाही त्याच्यावरच्या ड्युटीचे पैसे आपण कसे भरतो. चोपड्याचे भाऊ, तुमच्या गाडीवर इम्पोर्ट ड्युटी शून्य. पण तिच्या तोडीची बाहेरची गाडी समजा १२ लाखात येऊ शकली असती आणि ड्युटीमुळे ती २२ ला पडते, तर इथल्या कंपनीला १३ लाख लावायला कोण अडवणार? वरचा एक लाख सरकारकडे जात नाही, कंपनीकडे जातो. (आकडे समजण्यापुरते घेतलेत.) ड्युटीचा हा भाग कुठल्याच पावतीवर छापलेला नसतो.

जुन्या लोकांना आठवत असेल, अॅम्बेसेडर आणि फियाट, तीच गाडी वर्षानुवर्षं, नंबर लावून वाट बघायची. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा लोकांना कळलं की दार एका झटक्यात लागू शकतं.

शिरपूर_ढाबा
मी काय म्हनस मॅडम, बठ्ठा पैसा शेवटी कोन देस? आपनच ना भो.

खान्देशी_पुणेकर
मॅडम, अर्धं मान्य. पण ड्युटीची ही भिंत नसती तर टाटा-महिंद्रा आज असते का? ती मारुतीसुद्धा सुरुवातीला जपानचे किट आणून जुळवत होती, हळूहळू पार्ट पुरवणारे इथले व्हेंडर तयार झाले. ऑस्ट्रेलिया बघा. १९८० च्या दशकात ५७.५ टक्के टॅरिफ, म्हणजे इम्पोर्ट ड्युटीच, होता, कमी करत करत २०१० ला ५ टक्क्यांवर आणला. २००८ ला मित्सुबिशीने कारखाना बंद केला, २०१६ ला फोर्डने, २०१७ च्या ऑक्टोबरात टोयोटा आणि जनरल मोटर्सची होल्डन दोन्ही. आज तिथं कुठली मोठी कंपनी कार बनवत नाही. गाड्या स्वस्त आणि भरपूर आहेत, कारखाने गेले. नाशिकच्या दादांना विचारा, त्यांना स्वस्त गाडी पाहिजे की नोकरी.

नंदुरबारची_मॅडम
ऑस्ट्रेलियात फक्त टॅरिफ नव्हता, त्यांचा डॉलर महाग झाला होता, बाजार छोटा, मजुरी जास्त. आपला बाजार तसा नाही. आणि भिंत कायमची ठेवली की आतला माणूस सुस्तावतो हे पण खरं आहे. २०-२५ वर्षांपूर्वी इथल्या गाड्यांत एअरबॅग किती असायच्या आठवा. तरी तुमचा मुद्दा मी खोडत नाही, भिंत कधी उतरवायची हा अवघड प्रश्न आहे. एकदम पाडली तर पहिले व्हेंडर मरतात, कंपनी नाही मरत.

कपाशीवाला_धरणगाव
दोन दिवस वाचतोय, आता राहवत नाही. तुम्ही सगळे म्हणताय ड्युटी म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशात हात. बरोबर आहे, गाडी घेताना मी पण गिऱ्हाइकच. पण मागच्या वर्षी काय झालं ते ऐका. बाहेरच्या कापसावर ११ टक्के ड्युटी होती. १९ ऑगस्ट २०२५ पासून ती माफ केली, आधी सप्टेंबरअखेर म्हणाले मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. का, तर अमेरिकेने आपल्या कपड्यावर ५० टक्के टॅरिफ लावला, सूतगिरण्या अन् कपडेवाल्यांना दिलासा पाहिजे. म्हणजे आमची वेचणी चालू आणि बाहेरच्या गाठी बिनड्युटीच्या बंदरात. हमीभाव लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१०, पण खेडा खरेदीवाला दारात येऊन काटा लावतो तो म्हणतो भाऊ बाहेरून माल येऊन राहिला, ओलावा पण आहे, द्यायचा तर ह्या भावात द्या. सीसीआयकडे (हमीभावाने घेणारं सरकारी कापूस महामंडळ) न्यायचा तर ॲपवर नोंदणी, सातबारा, मग नंबर, आणि ओल ८ टक्क्यांच्या वर भरली की कटती, १२ च्या वर गेली तर माल घेतच नाहीत. परतीच्या पावसाने भिजलेला कापूस ८ मध्ये कुठून बसणार.

तर माझं म्हणणं एवढंच, गाडीवाल्यांना ११० टक्क्यांची भिंत आणि आमच्या ११ टक्क्यांच्या कुडाला पण भोक. गाड्यांवरची ड्युटी उतरवताना पाच वर्ष, दहा वर्ष, कोटा, टप्पे, सगळं सांभाळून. आमची एका रात्रीत उतरली.

नंदुरबारची_मॅडम
भाऊ, ह्याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण हे खरंच तसंच आहे. चार-पाच कंपन्या एकत्र बसून दिल्लीत म्हणणं मांडू शकतात, लाखो शेतकरी विखुरलेले. टॅरिफ किती आणि कोणाला हे बऱ्याचदा तिथंच ठरतं.

शिरपूर_ढाबा
धरणगाववाले बापू एक नंबर.

चोपडा_चौफुली
आमच्याकडे पण कापूस आहे बापू, आबांना वाचून दाखवलं, ते म्हणे ह्या माणसाला घरी बोलव.

बरं अमेरिकेचं निघालंच आहे तर विचारतो, ट्रम्पने गाड्यांवर पण टॅरिफ लावला ना, मग तिकडं न गेलेला माल इथं स्वस्तात मिळेल असं पण एक जण म्हणत होता.

नाशिककर_मूळ_पारोळा
नाही मिळत, आणि ते मी जवळून बघितलंय. ३ एप्रिल २०२५ पासून अमेरिकेत बाहेरच्या गाड्यांवर २५ टक्के, ३ मेपासून बऱ्याच पार्टवर पण. आमच्याकडं एक्सपोर्टची एक लाइन आहे. माल तयार, प्रत्येक पार्ट गंज लागू नये म्हणून निळ्या व्हीसीआय पिशवीत, लाकडी पेट्या, पेट्यांवर धुरी दिल्याचा शिक्का, आणि तिकडून मेल आला की डिस्पॅच होल्ड करा. पेट्या गेटजवळ उभ्या, फोर्कलिफ्टवाल्याला वळायला जागा नाही. मग आठवडाभर कॉल, गिऱ्हाईक म्हणतं टॅरिफचा अर्धा भार तुम्ही उचला, मालक म्हणतो माझं मार्जिनच तेवढं नाही. शेवटी काहीतरी मधलं ठरलं. पण त्या मधल्या काळात पहिला ओव्हरटाइम बंद झाला, मग कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना ब्रेक. त्यात आपल्या पारोळा-अमळनेरची पोरं जास्त, खोलीभाडं परवडेना म्हणून काही गावी निघून गेली.

आणि तो पार्ट इथं का विकत नाही, तर तो इथल्या कुठल्या गाडीला बसतच नाही. त्याचा ड्रॉइंग वेगळा, थ्रेड वेगळा, टेस्टिंग वेगळं. भंगारात घालता येतो, तुमच्या गाडीत नाही.

भुसावळ_जंक्शन
आणि अमेरिकेतल्या कंपन्या सुखात आहेत असं पण नाही. जनरल मोटर्स तिथलीच, पण गाड्या मेक्सिको, कॅनडा, कोरियातून पण येतात. २०२५ च्या एप्रिल ते जून ह्या एकाच तिमाहीत त्यांना टॅरिफचा १.१ अब्ज डॉलरचा फटका बसला. जपान्यांनी सुरुवातीला तिकडं पाठवायच्या गाड्यांचे भाव स्वतःच उतरवले, गिऱ्हाईक तुटू नये म्हणून. त्यामुळे "शेवटी गिऱ्हाईकच देतो" हे शंभर टक्के नाही शिरपूर, काही दिवस कंपनी देते, काही भाग व्हेंडर देतो, आणि स्टॉक संपून नवीन मॉडेलचा रेट कार्ड निघाला की मग गिऱ्हाईक देतो. ज्याला पर्याय कमी त्याच्या वाट्याला जास्त.

सगळ्यात गंमत जग्वार लँड रोव्हरची. एप्रिल २०२५ ला त्यांनी अमेरिकेला गाड्या पाठवणंच थांबवलं काही दिवस. मग ब्रिटनने डील केली, वर्षाला एक लाख गाड्यांपर्यंत १० टक्के. पण त्यांची डिफेंडर बनते स्लोव्हाकियात, ती युरोपियन युनियनमध्ये, तिला ब्रिटनचा दर नाही. म्हणजे एकाच शोरूममध्ये शेजारी उभ्या असलेल्या एकाच कंपनीच्या दोन गाड्यांना वेगवेगळा टॅरिफ, कारखान्याचा पत्ता बघून. आणि त्याचा धक्का इथं टाटा मोटर्सच्या शेअरला. माझ्याकडे होते थोडे, त्यावर जास्त बोलत नाही.

खान्देशी_पुणेकर
ब्रिटनची आपल्याशी पण झालीय की, २४ जुलै २०२५ ला सही झाली. तिथंपण कोटा आणि १० टक्के.

भुसावळ_जंक्शन
हो, तीपण टप्प्याटप्प्याने, आणि इलेक्ट्रिक गाड्यांना पहिली पाच वर्ष सवलत नाही. इथल्या कंपन्यांची इलेक्ट्रिकमध्ये आत्ता कुठं गुंतवणूक लागलीय म्हणून. टेस्ला जुलै २०२५ मध्ये मुंबईत आली ती अख्खी शांघायमधून आणून, म्हणून सुरुवातच साठ लाखाच्या आसपास. तशी सरकारची एक स्कीम आहे, इथं ४,१५० कोटी गुंतवा तर वर्षाला ८ हजार इलेक्ट्रिक गाड्या १५ टक्क्यांत आणू देतो. टेस्लाने ते केलं नाही.

चोपडा_चौफुली
म्हणजे मी जो निष्कर्ष काढतोय तो असा की कराराने माझ्या गाडीवर येत्या वर्षा-दोन वर्षात काही फरक नाही. बरोबर?

नंदुरबारची_मॅडम
बरोबर. वरच्या सेगमेंटमध्ये स्पर्धा वाढली की तिचा दाब हळूहळू खाली येतो, पण त्याला वेळ लागतो आणि बारा लाखापर्यंत येईल तेव्हा येईल. तुमच्यासाठी खरा फरक २२ सप्टेंबर २०२५ लाच पडून गेला. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी आधी जीएसटी आणि सेस धरून २९ टक्क्यांत होती ती १८ वर आली. त्याच्यापुढं ड्युटीची कुठली बातमी तुमच्या गाडीला तेवढी लागणार नाही. इंजिन मात्र १२०० च्या आत आहे ना बघा.

चोपडा_चौफुली
११९७ सीसी आहे, आत्ताच ब्रोशर काढून बघितलं. शालकबुवांना धाग्याची लिंक पाठवली, त्यांनी नुसता अंगठा टाकलाय. मग पाडव्याला घेतो, आईचं पण तेच म्हणणं आहे.

नाशिककर_मूळ_पारोळा
पाडवा १९ मार्चला आहे. त्या दिवशी डिलिव्हरीसाठी रांग असते, डीलर एक रुपया सोडत नाही, वर मॅट आणि परफ्युमला "फ्री" म्हणतो. आईला मुहूर्तच पाहिजे असेल तर बुकिंगचे ५-१० हजार पाडव्याला भरा, पूजा करा, आणि बिल मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काढायला लावा, टार्गेट बाकी असतं तेव्हा तोच फोन करतो. चासी नंबरवरून गाडी बनली कधी ते पण विचारा, २०२५ ची यार्डात उभी असेल तर त्याचे वेगळे पैसे कमी करून घ्या, लाजू नका.

शिरपूर_ढाबा
आन इन्शुरन्स बाहेरून काढ भो, डीलरचा घेऊ नको. रोड टॅक्स १२ टक्के बसेल त्यात तर कोनी कमी करत नाही, इन्शुरन्समध्ये तरी वाचव. अन् गाडी आली की वणीला जाताना शिरपूर वाटेत लागत नाही हे मले माहीत शे, तरी ये.